पिल्ले देण्याआधी लस

(वार्षिक मेळाव्यात आमच्या एका कार्यकर्त्या भगिनीने केलेले भाषण)



नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर मी काम करते. आज कोंबड्यांविषयी बोलणार आहे, आणि सुरुवात आमच्याच एका चुकीने करते.

काही वर्षांपूर्वी तुमच्या देणगीतून आम्ही एका पाड्यावर घरोघरी दहा-दहा पिल्ले वाटली. महिना जूनचा. फोटो काढले, तुम्हाला पाठवले. पुढे काय झाले ते मात्र कळवले नाही. पाऊस लागला, पिल्ले भिजली. काही रक्ती हगवणीने गेली, काही मुंगसाने नेली. मग 'मर' आली, म्हणजे राणीखेत रोग. माना वाकड्या होऊन, हिरवट हगून आठवड्याभरात उरलेली पिल्ले मेली आणि त्या घरांतल्या जुन्या गावरान कोंबड्याही मेल्या. एक आजी मला म्हणाल्या, "बाई, तू दिलं ते गेलं, त्याचं काही नाही. माझं होतं तेही गेलं."

आजींच्या सहा कोंबड्या होत्या. तेलमीठ, तापाचे औषध, नातवाच्या वह्या, सगळे त्यांच्यावर चालायचे. दिवाळीनंतर मुलगा-सून ऊसतोडीला गुजरातेत जातात. नातवाची शाळा सुटू नये म्हणून आजी मागे राहतात. त्या वर्षी कोंबड्या नव्हत्या, म्हणून नातूही ऊसाच्या फडावर गेला.

त्यानंतर आम्ही शिकवणे थांबवले आणि आजींकडून शिकलो. गावरान कोंबडी खुडूक बसली की एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात. पण आजी तिला केव्हाही बसवत नाहीत. भर उन्हाळ्यात अंडी बिघडतात, पावसाळ्यात पिल्ले गारठतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बसवली, की खळ्यावर सांडलेले दाणे असतात, जमीन कोरडी असते. ती पिल्ले होळीपर्यंत विकण्याजोगी होतात. आमच्याकडे होळी हा सर्वांत मोठा सण, तेव्हा कोंबड्याला भावही चांगला मिळतो. होळीनंतर चार-सहा कोंबड्या आणि एक कोंबडा ठेवायचा, बाकीचे विकायचे. दिवसा मोकळे चरू द्यायचे, रात्री खुराड्यात कोंडायचे. हे सारे त्यांना ठाऊकच होते. नव्हती ती फक्त लस.

राणीखेतवर लस आहे. पिल्लू आठवड्याचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि साधारण दोन महिन्यांचे झाले की पंखाखाली टोचण. लस महाग नाही. अडचण वेगळीच आहे. ती बर्फात ठेवून आणावी लागते. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी एकटी आजी कुपी कशी आणणार?

म्हणून पाड्यावरच्या बायकांनी एक दिवस ठरवला. पहाटे, खुराडी उघडण्याआधी, आमची एक प्रशिक्षित ताई बर्फाचा डबा घेऊन घरोघर फिरते. एकही घर वगळत नाहीत, कारण एका घरची मर साऱ्या पाड्याला लागते. बाजारातून आणलेली नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवतात. आजारी कोंबडी बाजारात न्यायची नाही, हेही त्यांनीच ठरवले. हा नियम सर्वांत कठीण आहे. मरणारी कोंबडी विकून दोन पैसे मिळवण्याचा मोह गरिबाला होणारच.

शुभवर्तमानात प्रभूने आपल्या मायेसाठी पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला. आमच्या पाड्यांवर तो दाखला समजावून सांगावा लागत नाही.

आता मागणे. यंदा पिल्लांसाठी पैसे देऊ नका. लस, बर्फाचे डबे आणि पाड्यावरच्याच आणखी मुलींचे प्रशिक्षण, यासाठी द्या. फोटोत हे काही देखणे दिसणार नाही. पण गेल्या दिवाळीनंतर मुलगा-सून ऊसतोडीला गेले, तेव्हा आजींच्या खुराड्यात नऊ कोंबड्या होत्या आणि नातू शाळेत होता.