डोंगा उलटला, एवढंच लिहून सोडू नका

(फेडरेशनच्या नागपूर येथील मेळाव्यात मासेमारी गटाच्या एका ताईंनी केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)

तायांनो, मावश्यांनो, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागे सतरंजीवर बसलेल्या पोरींनो,

मला आज मत्स्यपालनावर बोला असं सांगितलं होतं. बीज कुठून घ्यायचं, तलावाचा ठेका कसा मिळतो, बोंबील-झिंग्याला भाव काय. ते बोलूच कधीतरी. आज मी डोंगा बुडतो त्याबद्दल बोलणार आहे. बुडाला तर पुढे काय शोधायचं, कोणी शोधायचं, आणि न शोधल्यानं आपलं काय नुकसान होतं, हे.

मी ढिवराची सून आहे. माझा धाकटा दीर तलावात गेला. पट्टीचा पोहणारा होता बाप्पा, पावसाळ्यात सांडव्यावरून उडी मारायचा. पहाटे दोघं जाळं ओढायला गेले आणि एकच परत आला. पंचनाम्यात एक ओळ होती : तोल जाऊन डोंगा उलटला व पाण्यात बुडून मृत्यू. तोल कशानं गेला, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही विचारलं. रडारड, पाहुणे, तेरावं, यातच दिवस गेले. डोंगा दुसऱ्याचा होता. चौथ्या दिवशी मालकानं त्याच्या तळाला डांबर लावलं आणि पाचव्या दिवशी डोंगा पुन्हा पाण्यात. ते डांबर कावून लावलं असेल, हा प्रश्न मला सहा महिन्यांनी पडला, भाकरी थापता थापता. तोवर डांबरही वाळलं होतं आणि फाइलही बंद झाली होती.

म्हणून मी बोलते.

आपल्या नागपूरचीच गोष्ट घ्या. 9 जुलै 2017, रविवार. अमरावती रोडकडच्या वेणा जलाशयात पोरं फिरायला गेली. एका डोंग्यात अकरा जण बसले. फेसबुकवर थेट चित्रण सुरू होतं, ते नंतर घरोघरी मोबाइलवर पाहिलं गेलं. डोंगा उलटला, आठ जण गेले. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच : सेल्फीच्या नादात गेले. मी म्हणते, सेल्फी होती, खरं आहे. सगळे एका बाजूला सरकले की डोंगा कलणारच. पण अकरा माणसं त्या डोंग्यात बसली कशी? डोंगा किती जणांचा होता? कोणाच्या अंगात जॅकेट होतं का? ज्या पाण्यावर लोक सहलीला येतात तिथे काठावर कोणी अडवणारं होतं का? "सेल्फी" म्हटलं की हे चारही प्रश्न संपतात. मेलेल्या पोरावर दोष टाकणं सगळ्यात सोपं, तो उत्तर द्यायला येत नाही.

मग 14 सप्टेंबर 2021. वरुड तालुक्यात झुंजजवळ, वर्धा नदी. दशक्रियेसाठी जमलेले एकाच घरातले पाहुणे डोंग्यात बसले आणि अकरा जण बुडाले. एका घरातले अकरा. आणि 23 जानेवारी 2024 ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया वैनगंगा ओलांडून पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा बाया गेल्या. यात कोणती सेल्फी होती सांगा? त्या रोजीला चालल्या होत्या. आपल्यासारख्याच. सकाळी डबा बांधून, पोराला सासूजवळ सोडून. पुलावरून गेलं तर फेरा पडतो, गाडीभाडं पडतं आणि मिरचीची रोजी किती असते ते तुम्हाला ठाऊक आहे. नदीकाठच्या गावात डोंग्यात बसणं ही हौस नसते.

आता डोंगा उलटतो कसा, हे आपल्याच भांड्यात बघा. घरी गेल्यावर टाक्यात परात सोडा. मधोमध दोन वाट्या डाळ ठेवा, छान तरंगते. तीच डाळ काठाकडे सारा, कलते. आता डाळ काढा आणि परातीत दोन पेले पाणी ओता. बोटानं काठ जरासा दाबा. पाणी सगळं त्याच काठाला धावतं, बोट काढलं तरी परात सरळ व्हायला मागत नाही. डोंग्याच्या तळाला साचलेलं पाणी असंच करतं. आपल्याला वाटतं, घोटाभर पाणी आहे, काय होते? पण ते पाणी जागेवर बसत नाही. डोंगा ज्या बाजूला झुकला त्याच बाजूला जाऊन त्याला आणखी झुकवतं. तिसरा प्रयोग : कोरड्या परातीत भरलेला तांब्या उभा ठेवा, मग तोच आडवा बसेल अशा बसक्या भांड्यात ओतून ठेवा. वजन तेवढंच, पण उंच असलं की डगमगते. म्हणून डोंग्यात उभं राहायचं नाही म्हणतात. म्हातारे सांगत होते, पण कावून ते सांगत नव्हते.

माझ्या दिराच्या डोंग्यात ओलं जाळं एका काठावर रचलेलं होतं, असं सोबतच्यानं मला नंतर सांगितलं. ओलं जाळं किती जड असते ते उचलणारीलाच माहीत. त्यात तळाची सांध गळत असेल, तर झालं ना बाई. पण हे पंचनाम्यात नाही. हे फक्त माझ्या डोक्यात आहे.

मोठ्या जहाजांचंही यापेक्षा वेगळं नसते. इंग्लंडमध्ये हल नावाचं मासेमारीचं बंदर आहे. 1968 च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथली तीन मोठी मासेमारी जहाजं बुडाली. 58 माणसं गेली, एकच वाचला. एका जहाजावर गारठ्यानं डोलकाठीवर, दोरांवर बर्फ चढत गेला. वजन वर आलं आणि ते उलटलं. तोच आपला उभा तांब्या. दुसऱ्यावर बिनतारी यंत्र चालवणारा माणूसच घेतला नव्हता, त्यामुळे ते कधी, कुठे गेलं ते कळायलाच दिवस गेले. तेव्हा तिथली लिलियन बिलोका नावाची बाई उठली. मासे कापायच्या कारखान्यात काम करणारी, डोक्याला रुमाल बांधणारी बाई. तिनं आणि तिच्या सोबतच्या बायांनी दहा हजार सह्या गोळा केल्या, लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या. जहाजावर बिनतारी यंत्राचा माणूस असलाच पाहिजे, अशा मागण्या मान्य करून घेतल्या. चौकशी समिती बसली. पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगणार नाही. त्या बाईची नोकरी गेली. धमकीची पत्रं आली. बायांनी या भानगडीत पडू नये म्हणणारे तिच्याच वस्तीत होते. आपल्याकडेही असतात, नावं घेत नाही, काही जण इथे बाहेर चहा पित उभे आहेत.

आता आपल्या कागदांवर येते, कारण त्यात पैसा अडकतो.

पाण्यात माणूस गेला की पोलिसात मर्ग दाखल होतो. पंचनामा होतो. पंच म्हणून बाईही राहू शकते, गटाच्या अध्यक्षानं पुढे व्हावं. आधी माणसं वाचवायची, त्याबद्दल वाद नाही. पण नंतर डोंगा काठावर ओढून ठेवला असेल तर त्याला कोणी हात लावू नये, डांबर तर नाहीच नाही. मोबाइल सगळ्यांकडे आहे. तळाचा, सांधीचा, काठाचा, वल्ह्याचा, जाळ्याचा फोटो काढा. किती माणसं बसली होती, कोण कुठे बसलं होतं, सामान काय होतं, वारा होता का, धरणातून पाणी सोडलं होतं का, हे वाचलेल्याला त्याच दिवशी विचारून वहीत उतरवा. आठ दिवसांनी त्याला स्वतःचं आठवत नाही, गावाचं आठवते. आणि हे सगळं पंचनाम्यात लिहा म्हणून सांगा. "तोल जाऊन" एवढ्यावर सही करू नका.

शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. मला माहीत आहे किती जड जाते ते. आमच्या घरी सासूबाई म्हणाल्या, माझ्या लेकराला कापू नका, आणि आम्ही गपचूप दहन केलं. नंतर बँकेत विम्याची चौकशी केली तर पहिला कागद तोच मागितला. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये कटतात आणि अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात, वय 18 ते 70. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात ते वीस रुपये शिल्लक पाहिजेत, नाहीतर विमा तुटला. सातबारा ज्यांच्या घरी आहे त्यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतही 2 लाख आहेत. मजुरी करणाऱ्या, जमीन नसलेल्या बाईला ते नाहीत. म्हणून तिचे वीस रुपये कटले की नाही, हे गटाच्या मासिक सभेत नाव घेऊन विचारलं पाहिजे.

कायदा नाही असं नाही. 2021 चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आहे, 1917 चा जुना कायदा बदलून केलेला. त्यात बिनइंजिनाच्या नावांसाठीही तरतूद आहे. पण नदीकाठच्या गावात जाऊन विचारा, डोंग्याची नोंद कुठे असते? हसतात. ग्रामसभेत हा विषय आजवर कोणी घेतला असेल तर हात वर करा. ... एक. बरं, एक तरी आहे.

आमच्या ग्रामसंघानं मागच्या उन्हाळ्यात काय केलं ते सांगते आणि थांबते. आमच्याकडे चार डोंगे आहेत. डोंगे काठावर होते तेव्हा आम्ही पांढरा ऑइलपेंट आणला, एक डबा, आणि प्रत्येक डोंग्याच्या बाहेरून, काठाच्या वीतभर खाली, चारी बाजूंनी रेघ मारली. मोठ्या जहाजांवर अशी रेघ दीडशे वर्षांपासून असते. रेघ पाण्याखाली गेली की एक माणूस उतरायचा. कोण उतरणार यावरून पहिले पंधरा दिवस रोज भांडण. डोंगेवाला म्हणायचा, तुम्ही माझा धंदा बुडवता. मी म्हटलं, धंदा बुडाला तर चालते, तो वर काढता येते.

मागच्या आठवड्यात एका बाईनं मिरचीची दोन पोती आणली. डोंगेवाल्यानं वाकून रेघ पाहिली आणि म्हणाला, एक पोतं पुढच्या खेपेला. बाई चिडली, माझ्याकडे तक्रार घेऊन आली. ती इथेच बसली आहे, तिसऱ्या रांगेत, अजून माझ्याशी बोलत नाही.

चहा आला वाटते. ज्यांच्या गावात घाट आहे त्यांनी चहा झाल्यावर माझ्याजवळ या. रंगाचा डबा अर्धा उरला आहे.