रात्री-अपरात्री मन मोकळं करायला

पांढरकवड्याहून नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. आजार पसरलेल्या माणसाला तो प्रवासच झेपत नाही. मनाला आधार मात्र घरबसल्या मिळू शकतो. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही. रात्री दोनला झोप उडते, ‘पोरांचं कसं होईल’ हा घोर लागतो, तेव्हा हा फोन लावा. समुपदेशक ऐकून घेतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. सेवा करून थकलेल्या घरच्यांनीही बोलावं. आजाराचं नाव रुग्णापासून लपवू नका. त्याला बहुधा कळलेलं असतं, आणि लपवल्याने तो एकटा पडतो. दुखणं असह्य असेल तर मात्र डॉक्टरांनाच सांगा. त्यावर औषधं आहेत, मागायला संकोचू नका.