एका पंखाचा उपग्रह
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी आपणास एका यंत्राची हकीकत सांगणार आहे. 'ॲपल' हे त्याचे नाव. फळाशी त्याचा संबंध नाही. 'एरियन पॅसेंजर पेलोड एक्सपेरिमेंट' या नावाची ती आद्याक्षरे. आपल्या देशात तयार झालेला हा पहिला भूस्थिर दळणवळण उपग्रह. १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपच्या एरियन अग्निबाणाने तो अवकाशात गेला.

भूस्थिर म्हणजे काय? विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे फिरणाऱ्या वस्तूस पृथ्वीभोवती एक फेरी घालण्यास २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती एकदा फिरते. म्हणून खालून पाहणाऱ्यास तो उपग्रह एकाच जागी टांगल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात तो सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने धावत असतो! तो जागा सोडत नसल्याने जमिनीवरची अँटेना एकदा त्याच्याकडे रोखली की काम भागते. ॲपलची जागा १०२ अंश पूर्व रेखांशावर होती.

त्याचे वजन सुमारे ६७० किलो. त्यात दोन ट्रान्सपॉन्डर होते. जमिनीवरून आलेला क्षीण संदेश सुमारे ६ गिगाहर्ट्झ कंप्रतेवर घ्यायचा, त्याची शक्ती वाढवायची आणि सुमारे ४ गिगाहर्ट्झवर परत पाठवायचा, हे ट्रान्सपॉन्डरचे काम. दोन कंप्रता कशासाठी? एकच ठेवली तर स्वतःच्याच मोठ्या आवाजात उपग्रहाला खालची हाक ऐकू येणार नाही. जाऊन-येऊन ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही संदेशास जवळपास पाव सेकंद लागतो. विद्यार्थ्यांनो, हे गणित घरी करून पाहा.

या उपग्रहाची अँटेना तपासताना आसपास धातू असला तर रेडिओलहरींत बिघाड येई. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी तो चक्क लाकडी बैलगाडीवर ठेवून तपासला. ते छायाचित्र पुढे जगभर गाजले. साधन साधे म्हणून त्यांना संकोच वाटला नाही.

आता मुख्य गोष्ट. अवकाशात गेल्यावर ॲपलचे सूर्यप्रकाशापासून वीज करणारे दोन पंख उघडावयाचे होते. एकच उघडला; दुसरा अखेरपर्यंत उघडला नाही. ३६,००० किलोमीटरवर मिस्त्री पाठवता येत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी काय केले? आहे त्या विजेत काय काय साधेल याचा हिशेब केला आणि काम चालू ठेवले. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण, रेडिओ केंद्रांची जोडणी, संगणकांमधील संदेशवहन, असे प्रयोग त्याच उपग्रहावर झाले. दोन वर्षांसाठी पाठवलेला ॲपल सप्टेंबर १९८३ मध्ये, सुमारे २७ महिने सेवा करून निवृत्त झाला. त्यावर शिकलेली माणसे पुढे इन्सॅट मालिकेच्या कामी आली.

हे मी का सांगितले? मागे एक पालक माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, पोरगा गणितात नापास झाला. आता शाळा बस्स, गॅरेजवर धाडतो." मुलगा दाराशी मान खाली घालून उभा होता. गॅरेजचे काम हलके आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच मुलाने आमच्या प्रयोगशाळेतील बंद पडलेली विजेची घंटा दुरुस्त केली होती. त्याचा एक पंख उघडला नव्हता, दुसरा चांगला उघडला होता. मी त्यांच्याकडे एक वर्ष मागितले. त्यांनी दिले. संध्याकाळी आम्ही दोघे अपूर्णांकांपासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला. फार गुण नव्हते, पण उत्तीर्ण झाला.

पालकहो, मुलगा असो वा मुलगी, एका विषयातील अपयशावरून शाळेचे दार बंद करू नका. आधी शिक्षकांना येऊन भेटा. आणि विद्यार्थ्यांनो, जे येत नाही ते विचारण्याची लाज धरू नका.