खोटी चिठ्ठी आणि खरे हात



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘सायकलवरून एक प्रवास’ असा लिहिला आहे. साठी उलटलेल्या माणसांनी परदेशात सायकल मारली म्हणजे काही पराक्रम केला असेल, अशा अपेक्षेने कोणी आले असतील तर त्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो. चढ लागला की आम्ही उभयता खाली उतरून सायकली ढकलत होतो, आणि त्या मुलखात चढ पुष्कळ आहेत. तेव्हा पराक्रम राहू द्या. गेलो कशासाठी, ते आधी सांगतो.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचे एक व्हायोलिन आहे. त्याच्या पोटात डोकावले की एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसते. तीवर क्रेमोनाच्या स्ट्रादिवारीचे नाव आहे, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत जर्मनीचे. लहानपणी आम्हाला वरची ओळ तेवढी वाचता येत असे! आपल्या घरात लाखमोलाची वस्तू आहे, या कल्पनेवर आमची दोन पिढ्या मोठी करमणूक झाली. अखेर एका जाणकाराला ते वाद्य दाखवले. त्याने चिठ्ठी पाहिली, हसला, ‘व्यापारी माल’ एवढेच म्हणाला आणि पेटी मिटून परत दिली. पैशांचे काही वाटले नाही. पण आजोबांना कोणीतरी फसवले, याचे वाईट वाटले. हा माल आला तरी कोठून, याचा शोध घेता घेता नकाशावर एक कोपरा सापडला. जर्मनीतील सॅक्सनी आणि झेक देशातील बोहेमिया यांच्या सीमेवरचा हा डोंगराळ भाग. तेथील लोक त्याला ‘संगीताचा कोपरा’ म्हणतात. आमचे वाद्य बहुधा तिकडचेच.

प्रवासाचा आरंभ आम्ही झेक बाजूच्या फ्रांतिशकोव्ही लाझ्ने या गावापासून केला. 1793 साली वसवलेले हे गाव सम्राट फ्रान्सिसच्या नावाचे. इमारती बहुतेक पिवळ्या, रस्ते सरळ, आणि माणसे हातात पेले घेऊन सावकाश फिरणारी. युरोपातील अकरा थोर आरोग्यस्नान-नगरांत 2021 साली युनेस्कोने त्याची गणना केली. आपल्याला वज्रेश्वरीची ऊन कुंडे ठाऊक. येथील झरे थंड. पाण्यात वायू आणि लोह. लोखंडी पळीने ढवळलेला सोडा प्यावा तशी चव! पुढे सीमा ओलांडली की बाड ब्राम्बाख लागते. तेथील झऱ्यात रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू आहे. सांधेदुखीचे रोगी वैद्यकीय सल्ल्याने त्यात मोजकी स्नाने करतात. त्यापुढचे बाड एल्स्टर हे 1848 पासून सॅक्सनीचे राजमान्य स्नानगृह. येथे खनिज पाण्याबरोबर दलदलीतील काळ्या मातीचीही स्नाने देतात. आमच्या गुडघ्यांनी त्या पाण्याला दुवा दिला, एवढे सांगून झऱ्यांची रजा घेतो. मात्र एक गोष्ट मनात नोंदवून ठेवा. पाणी जागचे हलत नाही. राजा गेला, राज्य बदलले, तरी झरा तेथेच वाहतो, आणि लोक त्याच्याकडे येतात. हातातल्या विद्येचे तसे नाही.

एल्स्टर नदीच्या खोऱ्यातून वर चढून आम्ही मार्कनॉयकिर्खेन गावी पोचलो. बोहेमियात प्रोटेस्टंट पंथीयांवर सक्ती होऊ लागली, तेव्हा तेथील ग्रास्लित्स भागातील व्हायोलिन करणारे कारागीर सीमा ओलांडून इकडे आले. त्यांतील बारा जणांनी 1677 साली येथे व्हायोलिनकारांचा संघ स्थापला. घरदार सोडताना त्यांनी बरोबर काय आणले असेल? दोनचार हत्यारे आणि बोटांतली ओळख.

पुढे हा धंदा एवढा वाढला की 1893 ते 1916 या काळात या लहानशा गावात अमेरिकेची वाणिज्य वकिलात होती! पण ही भरभराट झाली कशी, ते ऐका. एक कारागीर सबंध व्हायोलिन क्वचितच करी. एका घरी फक्त माना कोरल्या जात, दुसऱ्या घरी पाठी, तिसऱ्या घरी खुंट्या. कोणी गजच करी. हे सारे गोळा करून जगभर पाठवणारा व्यापारी वेगळा. व्यापाऱ्यांच्या हवेल्या आजही गावात दिमाखाने उभ्या आहेत. मान कोरणाऱ्याचे नाव कोठेच नाही. चिठ्ठीवर चिकटवले ते क्रेमोनाच्या उस्तादाचे.

तेथील एका वृद्ध कारागिराच्या दुकानात आम्ही एक दुपार काढली. वरची फळी स्प्रूसची, पाठ मॅपलची, बोटांखालची पट्टी काळ्या आबनुसाची. फळी तासता तासता ते गृहस्थ ती कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकत, ऐकत आणि पुन्हा केसभर तासत. आपला तबलजी तबला लावताना जसा ऐकतो, तसेच. आम्ही घरच्या व्हायोलिनची छायाचित्रे पुढे केली. ते हसले नाहीत. चिठ्ठी त्यांनी पाहिलीच नाही. मानेच्या टोकाची नागमोडी वळी बराच वेळ निरखून, हे काम चांगल्या हाताचे आहे, एवढेच म्हणाले. श्रोतेहो, त्या एका वाक्याने आमचा सगळा प्रवासखर्च वसूल झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा झेक हद्दीत लुबी या गावी गेलो. याचे जर्मन नाव शोनबाख. हेही व्हायोलिनकारांचे गाव. येथे मात्र इतिहास दुसऱ्यांदा घडला. दुसरे महायुद्ध संपल्यावर, 1945-46 साली, बोहेमियातील जर्मनभाषकांना देशाबाहेर घालवण्यात आले. हिटलरच्या राजवटीने झेकांवर केलेल्या अत्याचारांचा राग त्यामागे होता. पण त्या गाड्यांत मान कोरणारेही चढवले गेले, आणि त्यांची मुलेबाळेही. काही थोड्यांना, काम अडू नये म्हणून, मागे ठेवून घेतले. गेलेल्यांतील पुष्कळजण 1949 पासून बव्हेरियातील बूबनरॉइट या खेड्यात एकत्र येऊन वसले आणि त्यांनी पुन्हा रंधा हाती घेतला. मागे लुबीत नव्याने आलेल्यांनीही ही विद्या शिकून घेतली. म्हणजे एका गावाची दोन झाली. हे ऐकायला गोड वाटते. पण ज्याला आपल्या ओसरीवरून उठावे लागले, त्याला ते गोड वाटले असेल काय?

शेवटचा मुक्काम क्लिंगेनथालला. येथेही आधी व्हायोलिने होत. 1829 पासून माउथ ऑर्गन आणि 1852 पासून अकॉर्डियन होऊ लागले. पातळ धातूची पत्ती हवेने थरथरते आणि सूर निघतो, हेच तत्त्व आपल्या पेटीचे. जुने पेटीवाले ‘जर्मन रीड’ म्हटले की आजही कान टवकारतात, हे येथे बसलेल्या कित्येकांना माहीत असेल. क्लिंगेनथालला लागूनच, सीमेपलीकडे, क्रास्लित्से आहे. हेच ते ग्रास्लित्स, जेथून साडेतीनशे वर्षांपूर्वी ती माणसे निघाली. 21 डिसेंबर 2007 रोजी या सीमेवरची नित्याची तपासणी थांबली होती. ज्या रेषेसाठी एवढी घरे मोडली, ती आम्ही पायडल मारता मारता ओलांडली. कोणी हटकले नाही. आम्हीच थबकलो.

श्रोतेहो, घरी परतल्यावर व्हायोलिनमधली चिठ्ठी काढून टाकावी, असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले. आम्ही ती राहू दिली. खोटी असली तरी तीही त्या कारागिराच्या कहाणीचा भाग आहे. ज्याला स्वतःचे नाव लिहू दिले नाही, त्याची तेवढीच खूण. मिरजेला तंबोऱ्याच्या भोपळ्यावर झुकलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी विचारले? वाद्य घेताना ते विचारावे, एवढी विनंती करतो.

आजोबा फसले असे आता आम्हाला वाटत नाही. त्यांनी वाद्य वाजवून पाहिले होते. चिठ्ठी वाचली ती आम्ही.