खाटेजवळची विद्या



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, राजकारण, इतिहास आणि फार तर नाटक, अशी आपली समजूत असते. खाटेवरची चादर कशी घालावी या विषयावर बोलायला कोणी आम्हांस बोलावील असे स्वप्नातही वाटले नव्हते. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या परंपरेचा पाया घातला, तिच्याशी आमच्या विषयाचे नाते वाटते तेवढे दूरचे नाही. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि आपल्या समाजातल्या विधवांना व निराधार स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात पाठवले. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, कोणाही जातीच्या माणसाची घाण काढायची, हे घरंदाज बाईचे काम नव्हे असे मानणाऱ्या काळातली ही गोष्ट. त्याआधी १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. तेव्हा ही विद्या आमच्याकडे केवळ विलायतेहून आली असे कोणी समजू नये.

पुढच्या दोन रांगांत पांढऱ्या गणवेशातल्या मुली दिसत आहेत. आम्ही मुख्यतः त्यांच्याशीच बोलणार आहोत. मागे बसलेल्या मंडळींनी मात्र उठून जाऊ नये, कारण राजावाडीत म्हणा, भगवतीत म्हणा, कूपरमध्ये किंवा मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयात म्हणा, खाटेवर किंवा खाटेशेजारच्या स्टुलावर आज ना उद्या तुम्हीच असणार आहात.

प्रथम हात धुण्याविषयी. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाचा एक डॉक्टर होता. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासत. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात शंभरांतल्या अठरा बाळंतिणी मेल्या. मे महिन्यात त्याने सर्वांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जूनमध्ये हे प्रमाण शंभरांत दोनवर आले. एवढा पुरावा समोर असूनही पुढे कित्येक वर्षे थोरथोर डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. आपले हात घाण आहेत हे ऐकून घेणे कोणालाच सोपे जात नाही. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, साबणाने हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात आणि स्पिरिटचे द्रावण चोळायला वीस ते तीस. वॉर्डाच्या टोकाला एकच नळ, त्याला उन्हाळ्यात बारीक धार, आणि पस्तीस खाटा. या हिशेबात प्रत्येक रोग्यामागे एक मिनिट कोठून आणायचे, असे मुली विचारतात. प्रश्न खोटा नाही. म्हणूनच द्रावणाची बाटली नळाजवळ नव्हे, तर खाटेजवळ असली पाहिजे. आणि ती नसेल तर वरिष्ठांकडे मागितली पाहिजे, मागून कंटाळा आला तरी मागितली पाहिजे. २०२० साली गोरेगावच्या नेस्को संकुलात, मरोळच्या सेव्हन हिल्समध्ये, मुलुंडच्या जम्बो केंद्रात काम केलेल्या मुलींना हे आम्ही सांगण्याची गरज नाही. अंगभर पोशाख चढवून पाण्याचा घोटही न घेता त्यांनी तासन्‌तास काढले. तेव्हा घराघरांतून थाळ्या वाजल्या. बाटलीची मागणी मात्र आजही कागदावरच करावी लागते. असो.

दुसरे, पाठीची निगा. हा विषय कोणाला किळसवाणा वाटेल, पण जे अंग आपल्याच भाराने दाबले जाते तेथे रक्त पोचत नाही. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू या जागा आधी लाल होतात, मग सोलवटतात, मग हाडापर्यंत जखम जाते. पक्षाघाताचा रोगी मेंदूच्या विकारातून वाचतो आणि पाठीच्या जखमेने जातो, हे आम्ही पाहिलेले आहे. साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला चुणी ठेवायची नाही, ओले कापड खाली राहू द्यायचे नाही. रोग्याला ओढायचे नाही, दोघींनी मिळून चादरीसकट उचलून सरकवायचे. ओढल्याने कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले मांस पुढे जाते.

येथे एक कबुली द्यायला हवी. लाल झालेल्या जागी स्पिरिट आणि पावडर लावून जोरजोराने चोळावे, असे आम्हांला शिकवले गेले आणि आम्हीही अनेक वर्षे मुलींना तेच शिकवले. आता कळते की त्या जागी चोळणे घातक आहे. आधीच दुखावलेल्या पेशी चोळल्याने आणखी फाटतात. किती पाठी आम्ही मोठ्या श्रद्धेने चोळल्या असतील, देव जाणे. तेव्हा आमच्या तोंडून ऐकले म्हणून काही खरे मानू नका. नवे पुस्तक उघडून पाहा.

आता औषध देणे. येथे थोडे थांबावे लागेल. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री पहिल्या वर्षाची मुलगीही घडाघड म्हणते. पण चूक पाठांतरात होत नाही, हातात होते. इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे एका मिलिलिटरला चाळीस युनिटांची कुपी मिळते आणि शंभर युनिटांचीही. चाळीसच्या सिरिंजचे टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचे नारिंगी. लाल आणि नारिंगी! रात्री तीन वाजता, मिणमिणत्या दिव्याखाली, हे दोन रंग ज्याने निवडले त्याला एकदा नाइट ड्यूटीवर उभे करावे असे आम्हांला नेहमी वाटते. शंभरची कुपी आणि चाळीसची सिरिंज अशी गाठ पडली, तर वीसच्या खुणेपर्यंत भरल्यावर रोग्याच्या अंगात वीस नव्हे, पन्नास युनिटे जातात. उलट गाठ पडली तर वीसऐवजी आठच. पहिल्या चुकीत रोगी घामाने भिजून बेशुद्ध होतो, दुसरीत साखर वाढतच राहते आणि डॉक्टर मात्रा वाढवत राहतात. म्हणून कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचायचे, आणि शेजारच्या सिस्टरला वाचायला लावायचे. ती कितीही घाईत असली तरी.

योग्य रोगी, हे तर सर्वांत सोपे वाटते. आमची एक हकीकत सांगतो. पूर्व उपनगरातले एक रुग्णालय. नाव सांगत नाही. वैशाखातली रात्र होती. वॉर्डात एकाच आडनावाचे दोन गृहस्थ शेजारीशेजारी होते. एकाला मधुमेह, दुसरे ऐकायला कमी असलेले वृद्ध, हर्नियासाठी आलेले. मधुमेहाच्या गृहस्थाच्या खाटेवर पंखा होता. म्हाताऱ्यांना उकाडा सोसेना, तेव्हा त्या भल्या माणसाने रात्री आपली खाट त्यांना दिली आणि स्वतः त्यांच्या खाटेवर जाऊन निजला. सकाळी आम्ही ट्रे घेऊन गेलो, आडनाव उच्चारले, "तुम्हीच ना?" म्हणून विचारले. म्हाताऱ्यांनी हसून मान हलवली. आम्ही सुई दिली.

चहाच्या वेळी शेजारच्या खाटेवरून प्रश्न आला, "सिस्टर, माझे इंजेक्शन आज नाही का?"

हातपाय गार पडले. मोरीत जाऊन उभे राहिलो. मनात आले, आता नाश्ता येईलच, पोटात अन्न गेले की कदाचित काही होणारही नाही, कोणाला कळणार आहे? हा विचार आमच्या मनात आला होता हे लपवण्यात अर्थ नाही. पाच मिनिटे गेली असतील. मग इनचार्ज सिस्टरांपुढे जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "आधी त्यांना साखर पाज, रडायचे ते नंतर रड." ग्लुकोज दिले, डॉक्टर आले, दुपारपर्यंत आम्ही त्या खाटेशी बसून नाडी, घाम, शुद्ध पाहत राहिलो. म्हाताऱ्यांना काही झाले नाही. इतकी सेवा आपली का होते आहे, हे त्यांना सिस्टरांनीच सांगितले. ते म्हणाले, "खाट तर मीच मागितली, बाळ."

पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. आमचे नाव नोंदवहीत गेले, मेट्रनबाईंपुढे उभे राहावे लागले, महिनाभर औषधांच्या ट्रेला हात लावू दिला नाही, आणि ते सर्व मुलींसमोर. खाटेवरचा माणूस बदलला पण केसपेपर तेथेच लटकत राहिला, हे कसे घडले असे कोणीही विचारले नाही. रोग्याच्या मनगटावर पट्टी असती, किंवा आम्ही नाव स्वतः न घेता "आपले संपूर्ण नाव सांगा" असे म्हटले असते आणि ते नोंदणी क्रमांकाशी पडताळले असते, तर काहीच झाले नसते. "तुम्हीच ना?" या प्रश्नाला आजारी माणूस हो म्हणतोच. वर्षभरातच त्याच वॉर्डात दुसऱ्या एका मुलीच्या हातून अशीच चूक झाली. तिने आमचे हाल पाहिले होते. ती बोलली नाही. अकरा वाजता रोगी बेशुद्ध सापडला. का बेशुद्ध आहे हे डॉक्टरांना कळायला वेळ लागला. तो वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही. त्या मुलीला दोष देणारे पुष्कळ निघाले. आम्हांला तो देता आला नाही.

म्हणून रुग्णालये चालवणारी मंडळी येथे असतील तर त्यांना विनंती आहे. भारतीय परिचर्या परिषदेचे माप साध्या रुग्णालयात पाच रोग्यांना एक परिचारिका आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांना एक असे आहे. ते माप आणि रात्रीच्या वॉर्डातली मोजणी एकदा शेजारीशेजारी ठेवून पाहा. आणि चूक सांगायला आलेल्या मुलीला पहिला प्रश्न "रोगी कसा आहे?" हा विचारा, दुसरा "हे कसे घडले?" हा. "कोणी केले?" हे ती स्वतःच सांगायला आलेली असते.

अध्यक्षांचे लक्ष घड्याळाकडे गेलेले दिसते, तेव्हा मागच्या रांगांतल्या नातेवाइकांना एवढेच. सिस्टर पुन्हापुन्हा नाव विचारते म्हणून रागावू नका. तिने हात धुतले का असे विचारायला संकोचू नका. आणि पंख्याखालची खाट हवी असेल तर आम्हांला सांगा. खाट बदलून देऊ, खाटेबरोबर केसपेपरही नेऊ.