पहारा कंत्राटाचा, मरण जनतेचे

मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने परदेशांतून परतणाऱ्यांना हॉटेलांत विलग ठेवले. पहारा तीन खासगी सुरक्षा कंपन्यांकडे गेला. त्यांनी तो बव्हंशी उपकंत्राटदारांवर सोपवला. शेवटच्या कडीला उरले ते कायम नोकरी नसलेले, अपुऱ्या प्रशिक्षणाचे पहारेकरी. मेलबर्नच्या दोन हॉटेलांतून विषाणू निसटला. चौकशीत मांडलेल्या हिशेबानुसार त्यातून ७६८ मृत्यू ओढवले. खासगी पहाऱ्याचा निर्णय नेमका कोणाचा, हे आयोगालाही निश्चित करता आले नाही. आणि सरकार तर मजूर पक्षाचे होते! दोष पहारेकऱ्याचा नव्हे. आजारपणात घरी बसल्यास ज्याची मजुरी बुडते, त्याच्या खांद्यावर साथ रोखण्याचा भार टाकणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे. काम कंत्राटाने देता येते, उत्तरदायित्व नव्हे.