बेटावरची शाळा आणि गांवाची आठवण



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं खाडीपलीकडील बेटावरच्या आपल्या लहानशा शाळेविषयीं दोन शब्द बोलण्यास आम्ही उभे आहों. “मुलें थोडीं, मग शाळा कशास?” असें पुष्कळजण विचारतात. त्यांस आम्ही एका दूरच्या बेटाची हकीकत सांगतों.

आयर्लंडच्या पश्चिमेस ग्रेट ब्लास्केट नांवाचें बेट आहे. तेथें मासेमारी व थोडी शेती करणारे कॅथॉलिक लोक राहत. बेटावर ना देऊळ, ना वैद्य. रविवारीं मिस्सासाठीं होडी वल्हवीत समोरच्या डंक्विन गांवीं जावें लागे. 1916 च्या सुमारास तेथें पावणेदोनशें माणसें होतीं. पुढें तरुण अमेरिकेस गेले, मुलें घटलीं, आणि 1941 सालीं शाळा बंद झाली. 1953 सालीं सरकारनें उरलेल्या लोकांस किनाऱ्यावर आणलें व बेट ओस पडलें. केवळ शाळेनें गांव तगतें असें नव्हे. परंतु शाळा गेली कीं लेंकुरवाळीं घरें तेथें राहत नाहींत.

तरीही त्या बेटाची आठवण बुडाली नाहीं. टोमास ओ क्रोहन या कोळ्यास शाळेंत इंग्रजी वाचावयास शिकविलें. स्वतःची आयरिश भाषा वाचावयास तो प्रौढपणीं शिकला, आणि 1929 सालीं त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. पेग सेयर्स या माउलीनें आपली कहाणी तोंडीं सांगितली व मुलानें ती उतरून घेतली. तें पुस्तक 1936 सालीं निघालें. पुढें 1937 पासून त्या देशांतील सुमारें 5,000 शाळांतील मुलांनीं घरच्या वृद्धांस विचारून कथा, म्हणी व घरगुती औषधें वह्यांत लिहिलीं. त्या वह्या आजही जपून ठेविल्या आहेत.

आपली स्थिति काय? 1739 सालचा वसईचा रणसंग्राम ग्रंथांत आहे. परंतु आपल्या आज्या लग्नांत जीं गाणीं गात, होडी लोटतांना ज्या क्रुसापाशीं गुडघे टेकीत, त्यांची नोंद कोठें आहे? एकेका अंत्यविधीबरोबर आपण एकेक पोथी मातींत ठेवीत आहों.

“मुलांस अलीकडे आणा,” असेंही कोणी म्हणतात. आषाढांतल्या उधाणांत सहा वर्षांचें लेंकरूं होडींत बसविण्यास कोणती आई धजेल?

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. शिक्षकास बेटावरच राहतां यावें म्हणून एक कोरडी खोली बांधून द्यावी. प्रत्येक मुलास एक वही द्यावी व तिच्यांत आजी-आजोबांचे शब्द त्यांच्याच बोलींत लिहवून घ्यावे. बाप्तिस्मा, लग्न व मृत्यु यांच्या देवळांतील जुन्या वह्या ओल व वाळवी यांपासून राखाव्या.

पूर्वजांनीं आपणांस श्रद्धा दिली, ती तोंडून तोंडीं आली. तिच्याबरोबर आलेली आठवण आपल्या हातून खाडींत सांडूं नये, एवढीच प्रभुचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.